सायकलयात्री आणि दारूबंदीची हद्द

नागपूरहून सेवाग्रामकडे सायकलीने निघालेल्या प्रवाशाला जिल्ह्याची हद्द केव्हा ओलांडली, हे सहसा ध्यानात येत नाही; नियम मात्र तेथे बदलतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे व गडचिरोलीतही ती १९९३ पासून आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ साली उठविण्यात आली. शेजारच्या जिल्ह्यात रीतसर घेतलेली बाटली हद्दीपलीकडे नेल्यास गुन्हा ठरू शकतो.

सायकल हे मोटार वाहन नव्हे. म्हणून मद्यपी मोटारचालकाविषयीचा कायदा आपणांस लागू नाही, असे समजून काही जण निर्धास्त राहतात. परंतु १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८५ अन्वये रस्त्यावर वा सार्वजनिक ठिकाणी दारूच्या अमलाखाली बेशिस्त वर्तन करणे हा गुन्हाच आहे; मग इसम पायी असो वा सायकलीवर.

अशा प्रवाशांचा मुक्काम पुष्कळदा शाळेच्या पटांगणात वा देवळाच्या ओवरीत पडतो. सकाळी तेथेच मुले जमतात. म्हणून जागा देतानाच ग्रामपंचायतीने व शिक्षकांनी पाहुण्यांना नियम स्पष्ट सांगावा. आगाऊ दिलेली समज नंतरच्या पंचनाम्यापेक्षा केव्हाही बरी.