गाठ निघावी, अंडाशय राहावे

एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात: अंडाशयावर, गर्भनलिकांवर, ओटीपोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, कधी आतड्यावर. पाळीचे चक्र चालवणाऱ्या संप्रेरकांना या पेशीही प्रतिसाद देतात. त्यांच्यातून झिरपणाऱ्या रक्ताला मात्र बाहेर पडायला वाट नसते. ते जागीच साचते, आसपास दाह होतो आणि हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. पाळीत पोट दुखायचेच, या समजुतीमुळे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. अनेकींच्या बाबतीत त्याचा छडा लागतो तो दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू झाल्यावरच.

गर्भधारणेत हा आजार दोन प्रकारे आडवा येतो. अंडाशयातून सुटलेले बीज टिपण्यासाठी गर्भनलिकेचे झालरीसारखे टोक मोकळे हलावे लागते. ते चिकटले की बीज नलिकेत पोहोचतच नाही. आजार सौम्य असला आणि नलिका मोकळ्या असल्या, तरी ओटीपोटातल्या दाहाचा परिणाम बीज, शुक्राणू आणि गर्भ या तिन्हींवर होऊ शकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आजाराचे ठिपके काढले जातात, चिकटलेले अवयव सोडवले जातात आणि बीजाची वाट मोकळी केली जाते.

शस्त्रक्रिया करायची की नाही, हे ठरवण्याआधी दोघांच्याही तपासण्या होतात. पतीच्या वीर्यात मोठा दोष असेल, तर केवळ नलिका मोकळ्या करून उपयोग नसतो. सोनोग्राफीत अंडाशयातली गाठ दिसते आणि अंडाशय जागच्या जागी सरकते की चिकटून बसले आहे, हेही कळते. बीजसाठ्याचा अंदाज घेण्यासाठी रक्तातील एएमएच या संप्रेरकाची पातळी मोजतात. साठा आधीच कमी असेल किंवा वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर थेट टेस्ट ट्यूब बेबीचा विचार होतो.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. बेंबीतून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत हालचालीला जागा होते. बेंबीतल्या छिद्रातून दुर्बीण आत जाते. खाली दोन-तीन ठिकाणी सुमारे ५ मिलिमीटरची छिद्रे पाडून चिमटे आणि कात्री घालतात. टेबल डोक्याकडून खाली झुकवले की आतडी छातीच्या दिशेने सरकतात आणि पडद्यावर ओटीपोटाची पोकळी मोकळी दिसू लागते.

आधी सगळीकडे नीट पाहून घेतात. आजाराचे ठिपके एकसारखे नसतात. काही बंदुकीच्या दारूच्या जळक्या डागासारखे काळे-निळे, काही लाल, काही पाण्याच्या फोडासारखे पारदर्शक, तर जुन्या जागी पांढरा वण असतो. दुर्बीण आवरणाच्या अगदी जवळ नेली नाही, तर पारदर्शक ठिपके नजरेतून सुटतात. वरवरचे ठिपके कापून काढतात किंवा जाळतात. आवरणाखालून मूत्रवाहिनी जाते, म्हणून तिथे कात्री लावण्याआधी तिची हालचाल डोळ्यांनी पाहून तिचा मार्ग निश्चित करतात.

सर्वांत नाजूक काम अंडाशयातल्या गाठीचे. तिच्यात जुने, घट्ट, तपकिरी रक्त असते, म्हणून तिला सर्रास चॉकलेट सिस्ट म्हणतात. ती बहुधा मागच्या बाजूला चिकटलेली असते. अंडाशय सोडवताना गाठ फुटते आणि दाट द्रव पोटात पसरतो. तो शोषून, जागा धुऊन घेतल्यावर गाठीची कड शोधावी लागते. एका चिमट्यात गाठीचे पापुद्र्यासारखे कवच आणि दुसऱ्यात अंडाशयाची कड धरून दोन्ही विरुद्ध दिशांना हलकेच ओढतात. पदर बरोबर सापडला तर पांढरट कवच सोलून निघते. रक्तवाहिन्या जिथून शिरतात त्या भागाजवळ मात्र ते घट्ट बसलेले असते. तिथे जोर केला की रक्तस्राव होतो आणि कवचाबरोबर निरोगी ऊतीही निघते. बीजे याच ऊतीत असतात. रक्त थांबवण्यासाठी विजेच्या उपकरणाने फार जाळले तर उष्णतेनेही ती नष्ट होतात. म्हणून डाग अगदी कमी देतात, शक्य तिथे टाके घालतात. गाठ फक्त फोडून रिकामी केली तर ती पुन्हा भरण्याची शक्यता जास्त असते. सोलून काढली तर बीजसाठा घटू शकतो. किती काढायचे आणि कुठे थांबायचे, हा निर्णय हाताच्या प्रत्येक ओढीगणिक घ्यावा लागतो.

शेवटी गर्भाशयाच्या तोंडातून निळा रंग सोडतात. नलिकेच्या टोकातून निळा थेंब बाहेर पडताना पडद्यावर दिसला की वाट मोकळी असल्याची खात्री पटते. याच वेळी नलिका, तिची झालर आणि अंडाशय यांना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. अ‍ॅडमसन आणि पास्ता यांनी २०१० मध्ये मांडलेल्या ० ते १० गुणांच्या निर्देशांकात हे गुण, वय, मूल न होण्याचा काळ आणि आधीची गर्भधारणा यांचा एकत्र विचार होतो. त्यावरून निसर्गतः दिवस राहण्याची शक्यता किती, हे जोडप्याला सांगता येते.

रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाते. पोटात उरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो. ते दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते.

सौम्य आजारात लाभ किती, याचा ठोस पुरावा कॅनडात झालेल्या अभ्यासातून मिळाला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३४१ स्त्रिया होत्या. ठिपके काढलेल्या गटात ३६ आठवड्यांत दिवस राहून गर्भ २० आठवड्यांपलीकडे टिकण्याचे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते, तर नुसती दुर्बिणीची तपासणी झालेल्या गटात सुमारे १८ टक्के. इटलीतील एका लहान अभ्यासात असा फरक दिसला नाही. टेस्ट ट्यूब बेबीचे यश वाढावे एवढ्यासाठी चॉकलेट सिस्ट सरसकट काढू नये, असे युरोपीय तज्ज्ञ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तीव्र वेदना, किंवा बीज काढताना सुईला येणारा अडथळा, अशा कारणांसाठी मात्र ती काढली जाते. आतड्यात खोलवर गेलेल्या आजारात आतडे आणि मूत्रवाहिनी यांना इजा होण्याचा धोका वाढतो. अशी शस्त्रक्रिया पोटविकार आणि मूत्रविकाराचे शल्यविशारद सोबत असतील तिथेच करावी.

शस्त्रक्रियेनंतर पाळी थांबवणारी संप्रेरके दिली तर तेवढा काळ गर्भधारणाही थांबते. म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीला गर्भधारणेची शक्यता वाढवण्यासाठी ती देत नाहीत. पुढच्या काही महिन्यांत प्रयत्न करायला सांगतात. साधारण सहा महिने ते वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर टेस्ट ट्यूब बेबीकडे वळतात. गाठ पुन्हा झाली तरी लगेच दुसऱ्यांदा दुर्बीण घालणे टाळतात, कारण त्याच अंडाशयावर दुसऱ्यांदा कात्री चालली की उरलासुरला साठाही घटतो. म्हणूनच पहिली शस्त्रक्रिया योग्य वेळी आणि अनुभवी हातांनी होणे महत्त्वाचे ठरते.