विश्लेषण : मोटारीने चार तास, पायी सहा दिवस… ‘किसान लाँग मार्च’च्या रस्त्यावर आज काय दिसते?

नाशिकहून मुंबईला मोटारीने निघाले, की चार तासांत पोहोचता येते. मार्च २०१८ मध्ये हेच अंतर हजारो शेतकरी सहा दिवस चालले. भर उन्हात, अनेक जण अनवाणी. त्यांच्या सोललेल्या तळपायांची छायाचित्रे देशभर पोहोचली. तो मार्ग आज गाडीने पुन्हा पाहिला तर काय कळते? मोर्चेकऱ्यांनी मागितलेल्या जमिनीचे पुढे काय झाले?

मोर्चा कधी, कसा निघाला?

अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखालील मोर्चा ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. विल्होळी, इगतपुरीजवळची घाटनदेवी, कसारा घाट, वासिंद, भिवंडी, ठाणे असा सुमारे १८० किलोमीटरचा प्रवास करून तो १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानात पोहोचला. मुंबईत शिरेपर्यंत मोर्चेकऱ्यांची संख्या ३० ते ५० हजारांपर्यंत गेल्याचे वेगवेगळे अंदाज होते. त्या दिवशी दहावीची परीक्षा होती. विद्यार्थ्यांना वाहतूक कोंडीचा त्रास नको म्हणून शीव परिसरातील सोमय्या मैदानावर मुक्कामी असलेले मोर्चेकरी विश्रांती अर्धवट सोडून रात्रीच पुढे चालले. मुंबईकरांनीही त्यांना पाणी, खाणे, चपला दिल्या.

तो मार्ग आज तसाच आहे का?

जुना मुंबई-आग्रा महामार्ग आहे, पण मोटारींसाठी आता दुसरी वाटही झाली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावरील इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत पार होतो आणि कसारा घाट लागतच नाही. मोर्चाची वाट पाहायची असेल तर इगतपुरीला समृद्धीकडे न वळता जुन्या रस्त्याने घाट उतरावा लागतो. घाटातून वळणावळणाने उतरणारी लाल टोप्यांची आणि झेंड्यांची रांग हेच त्या मोर्चाचे सर्वाधिक लक्षात राहिलेले दृश्य होते.

घाट उतरला की शहापूर तालुका. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा ही धरणे याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही इथलेच. नार-पार, दमणगंगा, पिंजाळ या नद्यांचे पाणी गुजरातला न देता आधी इथल्या शेतीला द्या, ही मोर्चाची एक मागणी का होती, ते इथे थांबल्यावर समजते.

चालणारे लोक नेमके कुठले?

मोर्चा नाशिक शहरातून सुरू झाला, मोर्चेकरी मात्र त्याआधीच घरून निघाले होते. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आणि पालघर जिल्ह्यातील आदिवासी शेतकरी त्यांत मोठ्या संख्येने होते. म्हणून हा प्रवास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो सुरगाणा-पेठच्या डोंगरउतारांवरून. भात, नागली, वरई पिकवणारी ही जमीन अनेक घरे पिढ्यानपिढ्या कसत आहेत. सरकारदरबारी मात्र ती वन खात्याची.

वनहक्काचा नेमका पेच काय?

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातील, कमाल चार हेक्टरपर्यंत जमिनीचा हक्क मिळू शकतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. दावा आधी ग्रामसभेकडे, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. मिळालेला हक्क वारसांना जातो, पण जमीन विकता येत नाही.

मोर्चेकऱ्यांची तक्रार होती की दावे मोठ्या प्रमाणात फेटाळले जातात किंवा कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा फारच कमी जमीन मंजूर होते. कब्जेदार म्हणून सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज मिळणे कठीण, आणि कर्जच नसेल तर कर्जमाफीही नाही. २०१७ च्या शेतकरी संपानंतर राज्याने दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली, तरी या शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या पदरात काही पडले नाही, ते यामुळेच.

आश्वासनानंतर काय झाले?

१२ मार्च २०१८ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाली. वनहक्काचे प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे लेखी आश्वासन मिळाले. मोर्चेकरी विशेष रेल्वेगाड्यांनी परतले.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, आश्वासने पाळली नाहीत म्हणून पुन्हा मोर्चा निघाला. नाशिकपासून काही किलोमीटरवरच सरकारशी बोलणी झाली आणि तो थांबला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्यास स्थगितीही दिली. फेटाळलेला दावा म्हणजे थेट बेघर होण्याची भीती, हे त्या दोन आठवड्यांत स्पष्ट झाले.

जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवरील शेतकऱ्यांना पाठिंबा देण्यासाठी याच मार्गाने वाहनांचा जथा मुंबईला गेला. कसारा घाट मात्र तेव्हाही अनेकांनी पायी उतरला. मार्च २०२३ मध्ये तिसरा पायी मोर्चा वासिंदपर्यंत आला. त्या वेळी कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान देण्याचे ठरले, वनहक्कासाठी समिती नेमली गेली आणि मोर्चा मागे घेण्यात आला. मागण्यांच्या यादीत कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची जमीन आणि सातबाऱ्यावर नाव पुन्हा होतेच.

या प्रवासातून काय कळते?

पहिला मोर्चा आझाद मैदानापर्यंत गेला, दुसरा नाशिकच्या वेशीवर थांबला, तिसरा वासिंदला. मोर्चा थांबवणे सरकारला दर वेळी जमले, पण जमिनीचा प्रश्न ग्रामसभेपासून जिल्हा समितीपर्यंतच्या कागदांत अडकून राहिला. नाशिक-मुंबई रस्ता या काळात कितीतरी वेगवान झाला. सुरगाण्याच्या उतारावर नागली पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या नावाचा सातबारा मात्र त्या वेगाने पुढे सरकलेला नाही.