सावजीवर खापर फोडण्याआधी

शौचातून रक्त पडलं की नागपुरात निदान घरीच होतं: मूळव्याध, नाहीतर परवाचं झणझणीत सावजी जेवण. मूळव्याध पुष्कळदा असतेही. पण तिखटाने मोठ्या आतड्याला व्रण पडत नाहीत. ते पडतात आमांशाने, टीबीने, अल्सरेटिव्ह कोलायटिसने, आणि क्वचित सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, या विषाणूने.

‘बाहेरचं पाणी बाधलं,’ असं घरचे म्हणतात. पण हा विषाणू बहुधा अंगात आधीपासूनच असतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांना लहानपणीच लाळेतून किंवा आईच्या दुधातून त्याची लागण झालेली असते. मग तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. एचआयव्ही, केमोथेरपी, किडनी प्रत्यारोपणानंतरची औषधं किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स यांनी प्रतिकारशक्ती खालावली की तो डोकं वर काढतो.

‘धडधाकट माणसाला भीती नाही’ हेही पुरतं खरं नाही. 2021 मध्ये दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयाने कोरोनाच्या पाच रुग्णांत सीएमव्हीमुळे झालेला रक्तस्राव नोंदवला. त्यांना आधी प्रतिकारशक्तीचा कुठलाच आजार नव्हता, तरी एक दगावला. त्याच काळात नागपूर म्युकरमायकोसिसशी, म्हणजे काळ्या बुरशीशी, झुंजत होतं. शत्रू वेगळे, पण कोरोना आणि स्टिरॉइड्स यांनी दोघांनाही वाट करून दिली होती.

सर्वांत मोठा घोळ रिपोर्टचा. ‘सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’ वाचून घाबरण्यात अर्थ नाही. लागण कधीतरी होऊन गेली, एवढंच त्यातून कळतं. खरं उत्तर कोलोनोस्कोपीत व्रणातून काढलेल्या तुकड्यात मिळतं. सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या पेशी घुबडाच्या डोळ्यांसारख्या दिसतात. नाही दिसल्या, तरी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या खास तपासणीत विषाणू सापडू शकतो.

नेहमीच्या अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. गॅन्सिक्लोव्हिरची इंजेक्शनं सुरू करतात, सुधारणा दिसली की बऱ्याचदा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्यांवर आणतात. एकूण दोन-तीन आठवडे. या औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस जोरात उसळल्यावर शिरेतून स्टिरॉइड देऊन तीन-पाच दिवसांत उतार पडला नाही, तर डोस वाढवत नेण्याआधी सीएमव्ही शोधायला हवा. आणि हे वाचून कुणी स्टिरॉइडची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये: बरेच दिवस ती घेतल्यावर शरीरात स्वतःचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होणं मंदावलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो.