अंतर कोणाच्या नजरेने मोजायचे?

एसटी स्टँडवर आपली गाडी उभी असते. शेजारची गाडी मागे सरकते आणि वाटते, आपणच निघालो. खांबाकडे नजर गेली की चूक कळते. नववीला गतीचा धडा शिकवताना मी हेच उदाहरण देते. गती कशाच्या संदर्भात मोजली, ते आधी सांगावे लागते. गॅलिलिओने १६३२ मध्ये लिहिले, की जहाज संथ, एकसारख्या वेगाने जात असेल तर बंद खोलीत पडणारे थेंब पाहून ते चालते आहे की उभे, हे ओळखता येत नाही.

मनाचेही असेच असते. तुर्कस्तानात १९०६ मध्ये जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अंधाऱ्या खोलीत लोकांना प्रकाशाचा एक स्थिर ठिपका दाखवला. अंधारात तो हलल्यासारखा भासतो. किती हलला, याचे प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. एकत्र बसवल्यावर उत्तरे जवळ आली आणि पुन्हा एकटे असतानाही लोकांनी गटाचेच माप धरून ठेवले. पुढे १९६१ मध्ये शेरीफ आणि हॉवलंड यांनी मांडले, की माणूस दुसऱ्याचे मत स्वतःच्या मतापासून मोजतो. थोडे वेगळे मत तो विचारात घेतो. फार लांबचे मत त्याला आहे त्याहून लांब वाटते आणि तो ते झटकून टाकतो.

हे मी बीएडला वाचले होते, पण समजले मागच्या जूनमध्ये. माझी एक विद्यार्थिनी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. सायन्स कॉलेज १८ किलोमीटरवर. अब्बा म्हणाले, "लांब आहे, मॅडम." मी म्हटले, "आजकाल मुली परदेशात शिकतात, भाईजान!" ते गप्प झाले. अम्मीने चहा पुढे केला. विषय संपला.

आठवड्याने पुन्हा गेले. या वेळी फक्त विचारले, "लांब म्हणजे नेमके काय?" ते म्हणाले, "संध्याकाळची एसटी फाट्यावर सोडते. तिथून दोन किलोमीटर अंधार. पावसाळ्यात तर मीही जपून चालतो." मी किलोमीटर मोजत होते, ते अंधार मोजत होते. माझ्या स्कूटीवरून मला तो रस्ता कधी दिसलाच नव्हता.

मी सायन्सचे नाव काढले नाही. एवढेच म्हटले, "मोहल्ल्यातल्या आणखी दोघी त्याच कॉलेजात जातात. त्यांच्या घरी विचारू या?" तिन्ही घरांनी मिळून फाट्यापासून रिक्षा ठरवली. अब्बा म्हणाले, "सहा महिने बघू, इन्शाअल्लाह." तो होकार नव्हता, पण दार उघडले होते.

भौतिकशास्त्रात एका चौकटीतून दुसरीत जायला एक समीकरण पुरते. घरात त्यासाठी समोरच्याच्या जागी जाऊन बसावे लागते. मुलगी आता बारावीत आहे. रिक्षा अजून चालू आहे.