गिरकी घेणारे रेणू आणि मोसमी पाऊस



मृग कोरडा गेला की बालाघाट परिसरातील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. वैनगंगेच्या काठी वाढलेल्या मला ही नजर लहानपणापासून परिचित आहे. ढग दिसतो, परंतु ज्या बाष्पातून तो घडतो ते बाष्प डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावयाचे कसे, हा आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय होय.

वायुरूप अवस्थेतील रेणू सतत गिरकी घेत असतो. भोवरा कोणत्याही वेगाने फिरू शकतो; रेणूला ती मुभा नाही. पुंजयामिकीनुसार त्याच्या फिरण्याच्या ऊर्जेला जिन्यासारख्या ठरावीक पायऱ्या असतात. एक पायरी चढताना तो नेमक्या एका कंप्रतेचा तरंग शोषतो व उतरताना तोच उत्सर्जित करतो. अशा अनेक कंप्रता सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यात पडतात. मात्र त्यासाठी रेणूतील विद्युत्‌भार असमान वाटलेला असावा लागतो. नायट्रोजनच्या समतोल रेणूवर तरंगाची अशी पकड बसत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण घेऊ. त्याच्या रेषा सुमारे ११५.३, २३०.५ व ३४५.८ गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे जवळजवळ समान अंतरावर आढळतात. हे अंतर रेणूच्या निरूढी परिबलाच्या व्यस्त प्रमाणात असते. अणूंची वस्तुमाने ठाऊक असल्याने परिबलावरून दोन अणूंमधील अंतर काढता येते. ते सुमारे ०.११३ नॅनोमीटर भरते. यांतील पहिल्याच रेषेवरून विल्सन, जेफर्ट्‌स व पेंझियस यांनी १९७० साली मृग नक्षत्रातील तेजोमेघात हा वायू ओळखला.

पाण्याचा रेणू वाकडा असल्याने त्याच्या रेषा अशा समान अंतरावर नसतात. त्यांतील दोन आपल्या उपयोगाच्या आहेत. २२.२३५ गिगाहर्ट्‌झची रेषा क्षीण आहे. म्हणूनच तिच्यातून हवेच्या संपूर्ण स्तंभातील बाष्पाचा हिशेब लागतो. १८३.३१ गिगाहर्ट्‌झची रेषा प्रबळ आहे. तिच्या मध्यावर उपग्रहाला केवळ वरचे थर दिसतात, आणि मध्यापासून दूर सरकावे तसतसे खालचे.

१९७९ साली सोडलेल्या आपल्या ‘भास्कर-१’ उपग्रहावरील ‘समीर’ हे उपकरण सुमारे १९ व २२ गिगाहर्ट्‌झवर समुद्रावरील बाष्प टिपत असे. या तरंगांना समुद्र थंड भासतो, त्यामुळे त्यावरील बाष्पाचे उत्सर्जन उठून दिसते. जमीन तेजस्वी भासते व तेथे ते लोपते. २०११ साली भारत व फ्रान्स यांनी सोडलेल्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’वर १८३ गिगाहर्ट्‌झच्या रेषेभोवती सहा वाहिन्या होत्या. मार्च २०२३ मध्ये तो उपग्रह नियंत्रितपणे खाली उतरविण्यात आला. जमिनीवरून थंड आकाशाकडे पाहणारी उपकरणेही असतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ती वापरली आहेत.

आता चिंतेची बाब. हवामान उपग्रह बाष्पासाठी २३.८ गिगाहर्ट्‌झची वाहिनीही वापरतात, आणि २४.२५ गिगाहर्ट्‌झपासून पुढचा पट्टा पाचव्या पिढीच्या दूरध्वनीसेवेस दिला गेला आहे. भारतात त्याचा लिलाव २०२२ साली झाला. शेजारून गळालेला संदेश आणि बाष्पाचे उत्सर्जन यांत उपग्रहास भेद करता येत नाही. चूक नकळत अंदाजात शिरते. २०१९ साली शर्म अल-शेख येथील जागतिक परिषदेने या गळतीस मर्यादा घातली, ती १ सप्टेंबर २०२७ नंतर अधिक कडक होईल असे ठरले. हवामानतज्ज्ञांनी याहून कठोर मर्यादा मागितली होती.

दूरध्वनीला दुसरा पट्टा देता येतो. पाण्याच्या रेणूला मात्र आपली कंप्रता बदलता येत नाही. मालगुजारी तलावाची पाळ जशी गावाने मिळून राखावयाची, तशीच ही शांतता सर्वांनी राखावयाची आहे. रोवणीचा दिवस ठरविणाऱ्या शेतकऱ्याचे हित तिच्यात गुंतलेले आहे. अदृश्य गोष्टही मोजता येते, ही दृष्टी ज्या गुरुजींनी आम्हांस दिली, त्यांच्या स्मृतीस हे विवेचन सविनय अर्पण करतो.