यंत्र दिले, बाजार कोण देणार?

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या महिला आणि बालकल्याणाच्या योजनांत शिवणयंत्रांचे वाटप हा कार्यक्रम आता रूढ झाला आहे. समारंभ होतो, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात आणि यंत्र घरी पोहोचते. मात्र सहा महिन्यांनंतर त्या यंत्रावर काय शिवले जाते, ते कोण विकत घेते आणि शिवणाऱ्या स्त्रीच्या पदरात किती पडते, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. यंत्र दिले की रोजगार दिला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतकच तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

त्यासाठी लहान मुलांच्या कपड्यांचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. शिवण शिकलेली गृहिणी व्यवसायाचा विचार करू लागली की प्रथम झबल्या-टोपड्यांकडे वळते, आणि तिचे हे गणित मुळीच चुकीचे नसते. कापड थोडे लागते. मापात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. मूल वाढतेच आहे. बेतताना चूक झाली तरी नुकसान थोडे होते. शिवाय या कपड्यांना आपल्या चालीरीतींनीच गिऱ्हाईक दिले आहे. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट आणि दुपटी लागतात. बारशाला कुंची लागते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणासाठी काळी झबली आणि काळे परकर-पोलके हवे असते. पाडव्याला आणि दिवाळीत खणाची पोलकी खपतात. जन्माष्टमी व शाळांची स्नेहसंमेलने यांनाही कपडे लागतात. म्हणजे मागणी आहे आणि कौशल्यही आहे. मग अडते कोठे?

घरची शिवण आणि बाजारातील शिलाई

शिवणकामाचा आपला इतिहास पाहिला तर एक विभागणी स्पष्ट दिसते. बाजारातील शिलाई हा पुरुषाचा धंदा होता. संत नामदेवांचे कुळ शिंप्याचे, हे सर्वांना ठाऊकच आहे. घरातील शिवण मात्र स्त्रीची होती. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, धुवून मऊ झालेल्या धोतराची झबली, पोराच्या सदऱ्याला लावलेले ठिगळ, ही सारी तिची कामे होती. या कामाला श्रम पुष्कळ लागत. मोल मात्र काहीच नव्हते. ते घरकामात जमा होई.

एलियस हाऊ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राचे एकस्व मिळविले, आणि ही विभागणी मोडण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. यंत्रांबद्दल एकूणच साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये रामचंद्रन या विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले होते. माणसाला निकामी न करता त्याचे कष्ट वाचविणारे यंत्र त्यांना मान्य होते. त्याच्या आधीच, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी पुण्यात सेवासदन स्थापन केले होते, आणि स्त्रीला स्वतःच्या पायांवर उभे करणाऱ्या शिक्षणात शिवणाला स्थान दिले होते. आज गावोगावी दिसणारे शिवणवर्ग त्याच विचाराची दूरची अपत्ये आहेत. परंतु एक गोष्ट या साऱ्या प्रवासात मागे राहिली. आपण स्त्रीला शिवायला शिकविले. किंमत ठरवायला आणि बाजारात बसायला शिकविले नाही.

एका झबल्याचा हिशेब

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. आकडे गावोगाव बदलतील, पण रीत बदलणार नाही. झबले, टोपडे आणि लंगोट असा एक जोड घ्या. अर्धा मीटर सुती कापड किरकोळ भावाने १२० रुपये मीटर धरले तर ६० रुपये. दोरा, बंद, टिचबटणे व लेस यांचे १२ रुपये. सुया, तेल, वीज यांचे ३, पिशवीचे २ आणि बाजाराचे जागाभाडे व एस.टी.चे भाडे यांचा वाटा ८ रुपये. एकूण ८५ रुपये झाले. असा जोड आठवड्याच्या बाजारात १३० रुपयांना गेला तर ४५ रुपये उरतात. घरातील माणसे याला नफा म्हणतात. बहुधा तीही तसेच म्हणते.

परंतु हा नफा नव्हे, ही मजुरी आहे. आणि ती किती तासांची, हे मोजले पाहिजे. कापड बेतणे, टीप मारणे, हातशिलाई, टिचबटणे लावणे, इस्त्री करणे यांत दीड तास जातो. बाजारात सहा तास बसून सहा जोड विकले गेले, तर प्रत्येक जोडावर आणखी एक तास पडतो. अडीच तासांचे ४५ रुपये म्हणजे तासाला १८ रुपये; आठ तासांचा दिवस धरला तर १४४ रुपये. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे ज्या कौशल्यासाठी शासनाने प्रशिक्षण दिले, प्रमाणपत्र दिले आणि यंत्र दिले, त्याचे मोल मातीकामाच्या निम्म्याहूनही कमी ठरले.

मग तिने किंमत वाढवावी, असे कोणी म्हणेल. रोजगार हमीचाच दर धरला तर तासाला ३९ रुपये होतात. त्या हिशेबाने हा जोड सुमारे १८२ रुपयांना विकला गेला पाहिजे. पण शेजारच्याच गाड्यावर कारखान्यात शिवलेला जोड शंभराच्या आसपास टांगलेला असतो. तमिळनाडूतील तिरुपूरचे होजिअरीचे कारखाने, कोलकात्याजवळील मेटियाब्रूजची मुलांच्या कपड्यांची शिलाई, आपल्याच सोलापूरचा तयार कपड्यांचा उद्योग, या साऱ्यांशी तिची स्पर्धा आहे. तेथे कापड हजारो मीटरांनी खरेदी होते, शेकडो थरांची थप्पी एकदम कापली जाते आणि एक कारागीर दिवसभर एकच टीप मारतो. एकट्या स्त्रीने या व्यवस्थेशी किमतीची स्पर्धा करणे म्हणजे स्वतःच्याच मजुरीला कात्री लावणे होय.

यावर पुष्कळ स्त्रिया दुसरा मार्ग पत्करतात. व्यापाऱ्याकडून कापलेला माल आणावयाचा आणि नगावर मजुरी घेऊन शिवून द्यावयाचा. त्यात विक्रीची चिंता नसते, पण दर ठरविण्याचा अधिकारही नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये अशा घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, पण ती दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्यापुरती. स्वतः शिवून स्वतः विकणारी स्त्री स्वयंरोजगारी ठरते. कायद्याच्या भाषेत हा सन्मान असला तरी तिच्या अल्प मजुरीला जबाबदार असा मालकच सापडत नाही, हा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

एकटीने नव्हे

याचा अर्थ हा धंदा करूच नये असा नाही. तो एकटीने करू नये, एवढाच आहे. वरचाच हिशेब तिघींनी मिळून केला तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. कापडाचे ठाण एकत्र घेतले आणि भाव १०० रुपये मीटर पडला, तर अर्ध्या मीटरचे ५० रुपये होतात. थप्पी करून एकदम बेतले तर शिवणाचा वेळ दीड तासावरून तासावर येतो. तिघींचा माल घेऊन बाजारात एकच बसली आणि अठरा जोड गेले, तर बसण्याचा वेळ प्रत्येक जोडामागे वीस मिनिटे; जागाभाडे व प्रवास यांचा वाटा तीन रुपयांच्या आत. दोरा, बटणे, पिशवी धरून खर्च ७० रुपये आणि एक तास वीस मिनिटांची मजुरी ५२ रुपये, मिळून १२२. म्हणजे तोच जोड त्याच १३० रुपयांना विकून रोजगार हमीइतकी मजुरी सुटते आणि वर आठ रुपये उरतात. यंत्र तेच, हात तेच, गिऱ्हाईकही तेच. फरक केवळ मांडणीचा आहे.

ही कल्पना नवी नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडांचा जो उद्योग सुरू केला, त्याचे मर्म पापड लाटण्यात नव्हते. लाटणे घरोघरी आणि पीठ व विक्री एकत्र, या व्यवस्थेत होते. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेचा अनुभवही हेच सांगतो. गिरण्यांच्या चिंध्यांपासून खोळी शिवणाऱ्या स्त्रियांनी व्यापाऱ्यांकडे वाढीव दर मागितला. पुढे त्यातून त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे आज बचत गटांचे जाळे सर्वदूर आहे. त्यांतील पुष्कळ गट कर्ज घेण्यापुरते आणि फेडण्यापुरते एकत्र येतात. कापड घेण्यासाठी आणि माल विकण्यासाठी मात्र प्रत्येकजण पुन्हा एकटी असते.

बाजारातील जागा

तरीही एक प्रश्न उरतो, तो जागेचा. रस्त्यावर व्यवसाय करणे हा घटनेच्या १९व्या अनुच्छेदाखालील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात दिला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, पथविक्रेत्यांचा कायदा झाला. शहरी भागात दर पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी व्हावी, ती पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नये, नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशा तरतुदी त्यात आहेत.

पण पाहणी रोज एकाच जागी बसणाऱ्याची दखल घेते. जी चार दिवस शिवते आणि एकच दिवस विकते, जी पौष महिन्यात काळी झबली घेऊन बसते आणि नंतर दोन महिने दिसत नाही, ती पाहणीच्या दिवशी तेथे नसली तर कागदोपत्री विक्रेतीच नव्हे. गावाकडे हा कायदा लागू नाही. तेथे आठवड्याच्या बाजाराची फी ग्रामपंचायत आकारते, आणि वसुली लिलावाने दिली असेल तर ठेकेदाराची पावती हाच तिचा एकमेव हक्क असतो. तेव्हा प्रत्येक आठवडे बाजारात आणि मंडईत स्वतः तयार केलेला माल विकणाऱ्या स्त्रियांसाठी काही ओटे पाळीपाळीने राखून ठेवणे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. एका ठरावाची आहे.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत साह्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रूपरेषा आहे. ही मदत मोलाची आहेच. पण ज्या व्यवसायात तासाला १८ रुपये सुटतात, त्यात कर्ज काढून अधिक तास काम केल्याने दारिद्र्य जात नाही, ते फक्त अधिक कष्टाचे होते. आणि हे तास तरी कोठून आणावयाचे? २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, म्हणजे पाच तासांना थोडे कमी, त्यातच जातात. शिवण होते ती त्यानंतरच्या वेळात.

गिऱ्हाईकाची बाजू

शेवटी हा प्रश्न आपणा सर्वांपर्यंत येतो. छापील किमतीची चिठ्ठी लावलेल्या दुकानात आपण मुकाट्याने पैसे मोजतो आणि बाजारात चादर पसरून बसलेल्या बाईशी झबल्यावरून वीस रुपयांची घासाघीस करतो. वरच्या हिशेबात त्या वीस रुपयांचे स्थान पाहिले तर ते तिच्या ४५ रुपयांतून जातात, कापडवाल्याच्या, एस.टी.च्या किंवा ठेकेदाराच्या वाट्यातून एक पैसाही कमी होत नाही. दया म्हणून अधिक द्यावे, असे कोणी सुचवीत नाही. तिनेही आतून शिवण नीट दुमडलेली, बटण घट्ट लावलेले, गळ्याभोवती लांब नाडी नसलेले आणि एका धुण्यात रंग न जाणारे कापडच दिले पाहिजे. चांगल्या मालाला वाजवी किंमत, एवढाच हा व्यवहार आहे. स्नेहसंमेलनाचे कपडे भाड्याने आणणाऱ्या शाळांनी गावातील एखाद्या गटाला तीन महिने आधी काम दिले, तरी त्या गटाचे अर्धे वर्ष मार्गी लागेल.

शिवणयंत्रांचे वाटप चालू राहील आणि राहावेही. मात्र यापुढे प्रत्येक यंत्राबरोबर तीन गोष्टी दिल्या पाहिजेत: तासांचा हिशेब मांडण्याचे शिक्षण, एकत्र खरेदी-विक्रीची व्यवस्था आणि बाजारात हक्काने बसण्याची जागा. या तिन्हींना मिळून एका यंत्राइतकाही खर्च येणार नाही. त्या दिल्या नाहीत, तर कोपऱ्यात आच्छादन घालून ठेवलेल्या यंत्रांची संख्या तेवढी दरवर्षी वाढत जाईल, आणि वाटपाचे आकडे मात्र अहवालात यशाच्या रकान्यात मांडले जातील.