मोडीचे मोल : शिल्पकार पिलू पोचखानवाला

‘अमूर्त’ हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. सहा द्रव्यांपैकी पुद्गल तेवढे मूर्त आणि उरलेली पाच अमूर्त, हे पाठशाळेत जाणारे मूलही सांगते. मात्र हाच शब्द एखाद्या शिल्पाला जोडला गेला की आपली बुद्धी अडखळते. ‘हे आहे तरी काय?’ असा प्रश्न प्रदर्शनात हमखास ऐकू येतो. मला तो मुळीच अडाणी वाटत नाही. माल काय आहे ते समजल्याशिवाय दाम मोजायचा नाही, हा पेढीवरचा संस्कारच त्यातून बोलत असतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्याच एका शिल्पकर्तीकडे वळू या. तिचे शिक्षण वाणिज्य शाखेचे होते आणि घराणे व्यापाऱ्यांचे.

पोचखानवाला हे आडनाव आम्हा बँकवाल्यांना परिचित आहे ते १९११ साली सेंट्रल बँक ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्या सर सोराबजींमुळे. येथे विषय आहे तो पिलू पोचखानवाला यांचा. त्यांचा जन्म १९२३ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव एडनवाला; एडन बंदराशी असलेला व्यापारी संबंध त्या आडनावातच नोंदलेला आहे. १९४५ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. कॉम. झाल्या आणि जाहिरात क्षेत्रात काम करू लागल्या. १९५१ साली त्या युरोपला गेल्या. तेथील संग्रहालयांत आधुनिक शिल्पे त्यांनी प्रथमच प्रत्यक्ष पाहिली आणि परतल्या त्या शिल्पकार होण्याचा निश्चय करूनच. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. त्या काळातील आपल्या घरांत हा निश्चय कितपत रुचला असता, याचा विचार वाचकांनी आपापल्या मनाशी करावा.

त्यांनी धडे घेतले ते ना. ग. पानसरे यांच्याकडे. फोर्टमधील न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवर कष्टकऱ्यांच्या भव्य उठावाकृती आहेत, त्या पानसऱ्यांच्या. त्यांच्याचकडे शिकलेले आदी दावियरवाला (१९२२–१९७५) व्यवसायाने औषधनिर्माण रसायनतज्ज्ञ होते. मुंबईच्या आधुनिक शिल्पकलेत ही दोन्ही नावे अग्रभागी आहेत. एक वाणिज्य पदवीधर आणि दुसरा औषधांच्या धंद्यातला. कला ही केवळ कलाशाळेतून बाहेर पडलेल्यांची मिरास असते, हा समज या दोघांच्या बाबतीत तरी टिकत नाही.

पिलूबाईंनी आरंभी दगड, लाकूड, सिमेंट अशा माध्यमांत काम केले. त्या वेळी मानवाकृती हाच त्यांचा विषय होता. पुढे आकृती विरळ होत गेली आणि धातू हाती आला. माध्यम बदलले की शिल्पाचे गणितच बदलते. दगडातले काम वजाबाकीचे. जे नको ते काढून टाकायचे. एक छिन्नी चुकली तर परतीची वाट नाही. देलवाड्याच्या देरासरांविषयीची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे, की कारागिरांनी कोरून काढलेल्या संगमरवराच्या भुकटीइतकी चांदी त्यांना तोलून दिली गेली. इतिहास म्हणून तिच्यावर विसंबता येणार नाही. पण दगडाच्या शिल्पाची मजुरी उरलेल्या दगडावर नसून काढून टाकलेल्या दगडावर असते, हे मर्म तिच्यात अचूक पकडले आहे. धातूचे जोडकाम याच्या नेमके उलट, बेरजेचे. तुकड्याला तुकडा सांधत जायचे, पटले नाही तर कापून पुन्हा सांधायचे. ज्याला वाटेत विचार बदलण्याची मुभा हवी असते, त्याला हे काम मानवते.

पिलूबाईंनी तर या बेरजेसाठी भंगारच निवडले. यंत्रांचे टाकाऊ भाग, पत्र्याचे तुकडे, गंजलेल्या सळ्या यांचे वेल्डिंग करून त्यांनी शिल्पे उभी केली. हिशेबाच्या वहीत यंत्राची किंमत दरवर्षी घसाऱ्याने कमी होत जाते आणि शेवटी उरते ते मोडीचे मूल्य. त्या रकमेला यंत्र विकले की ते खाते बंद होते. ज्या टप्प्यावर आम्ही खाते बंद करतो, तेथून या बाईंचे काम सुरू होत असे. घाटकोपर ते मुलुंड हा लाल बहादूर शास्त्री मार्ग ज्यांनी कारखान्यांच्या दिवसांत पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तेथील कित्येक कारखाने गेले, त्यांच्या जागी मनोरे आणि मॉल आले. यंत्रे किलोच्या भावाने कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे गेली. त्या यंत्रांवर माणसांनी आयुष्य काढले होते, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. भंगारातून घडलेल्या शिल्पात लोखंड मात्र आपले पूर्वायुष्य लपवीत नाही. दाते, भोके, वापराच्या खुणा तशाच दिसतात. ‘हे काय आहे?’ याचे पहिले उत्तर म्हणूनच सरळ आहे : हे लोखंड आहे, आणि ते कामाला लागलेले लोखंड होते.

दुसरे उत्तर पोकळीत आहे. अशा शिल्पात धातूइतकेच महत्त्व धातूंमधल्या मोकळ्या जागेला असते. हे पटायला जड वाटत असेल तर दिगंबर मंदिरांतील सिद्धप्रतिमा आठवावी. पितळी पत्र्यातून उभी आकृती कापून काढलेली असते. पत्रा राहतो आणि आकृतीच्या जागी आरपार दिसते. सिद्ध अशरीरी, म्हणून त्यांची प्रतिमा शरीराच्या अभावातून घडवायची! ही कल्पना शेकडो वर्षांपूर्वीची आहे. तेथे ती श्रद्धेच्या पोटी आली, शिल्पकर्तीकडे रूपाच्या शोधातून. दोन्ही एकच नव्हेत. पण ज्याच्या डोळ्यांना ती रिकामी जागा ‘भरलेली’ दिसते, त्याला आधुनिक शिल्पापुढे परके वाटण्याचे कारण उरत नाही.

पुढील काळात पिलूबाई ॲल्युमिनियमच्या ओतकामाकडे वळल्या. ओलसर वाळूत साच्याचा ठसा घेऊन त्यात वितळलेला धातू ओततात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, लोखंडाला पंधराशेहून अधिक अंश लागतात. वजनाने ते पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. गंमत म्हणजे संगमरवराची घनताही जवळपास तेवढीच. शिवाय हवेशी संबंध येताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. खाऱ्या वाऱ्याच्या आपल्या शहरात, जेथे खिडकीचे गजही गंजतात, ही लहान गोष्ट नव्हे.

त्यांचे ‘स्पार्क’ हे शिल्प हाजी अलीच्या चौकात उभे होते; पुढे ते तेथून हलले. सार्वजनिक शिल्पाला आपल्या शहरात फारसा वाली नसतो, असे खेदाने म्हणावे लागते. पुतळ्याला जयंती असते, हार असतो, अनुयायी असतात. अमूर्त शिल्पाला यांपैकी काहीच नसते. पिलूबाईंना ही उणीव जाणवली असावी. कारण स्वतःच्या कामाबरोबरच त्यांनी मुंबईला आधुनिक कलेचे हक्काचे घर मिळावे म्हणून पाठपुरावा केला. केकू गांधी आदी मंडळींबरोबर त्यांनी धरलेला आग्रह असा की, १९११ साली बांधलेल्या सर कावसजी जहांगीर हॉलचे कलादालन व्हावे. १९८६ साली त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्या वास्तूत सुरू झाले ते १९९६ साली.

खरेदीदारांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. जहांगीर निकल्सन हे सनदी लेखापाल आणि कापसाचे व्यापारी होते. त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय आधुनिक कलाकृती जमवल्या; तो संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. घरात शिल्प घेऊ इच्छिणाऱ्यांनी एक व्यावहारिक बाब ध्यानी ठेवावी. २००७ च्या वित्त कायद्याने चित्रे, शिल्पे व अन्य कलाकृती ‘वैयक्तिक वापराच्या वस्तूं’च्या सवलतीतून वगळल्या गेल्या. दागिन्यांप्रमाणेच त्या विकताना होणारा नफा भांडवली नफा ठरतो. त्यामुळे खरेदीची पावती, शिल्पकाराचे सहीचे प्रमाणपत्र आणि छायाचित्र हे तिन्ही कागद जपावेत. केवळ भाव वाढेल म्हणून शिल्प घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोने तोडून विकता येते, शिल्प तोडले की मोडच हाती येते.

वर उल्लेखिलेली दोन्ही संग्रहालये रीगल सिनेमाच्या चौकात समोरासमोर आहेत. मुलुंड-घाटकोपरकरांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणि बोरिवली-अंधेरीकरांनी चर्चगेटला उतरावे. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते. मांडणी वेळोवेळी बदलते, त्यामुळे पिलूबाईंचे काम त्या दिवशी पाहायला मिळेल का, हे दूरध्वनीवर विचारून निघावे. शिल्पाभोवती एक फेरी पूर्ण घालावी. जिना असल्यास वरूनही पाहावे, आणि नावाची पाटी सर्वांत शेवटी वाचावी.